चार अंगुळे वर

जबलपुरात मोठ्या गाड्यांच्या गप्पा रंगल्या की थोड्याच वेळात कुणीतरी जोंगाचं नाव काढतो. काढणाऱ्याने ती चालवलेली असतेच असं नाही. वडील, काका नाहीतर सासरे 'व्हीएफजे'त, म्हणजे इथल्या फौजी वाहनांच्या कारखान्यात, नोकरीला होते, एवढा अधिकार या गावात पुरेसा मानला जातो. रांझीकडच्या रस्त्यावर फौजी हिरव्या रंगाची, चौकोनी नाकाची एखादी जोंगा अजूनही दिसते. लिलावात घेतलेली, कुणी हौसेने पुन्हा उभी केलेली, आणि बहुतेक वेळा मूळ गाडीपेक्षा बरीच उंच झालेली. २०१९ साली महेंद्रसिंग धोनीने एक जोंगा घेतली, तेव्हापासून तर या हौसेला राजमान्यताच मिळाली आहे.

जोंगा हे नाव 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली' या लांबलचक पाटीतून निघालं. गन कॅरेज म्हणजे तोफगाडा. १९०४ साली इथे तोफगाड्यांचा सरकारी कारखाना उभा राहिला. त्याच कारखान्यात १९५९ साली जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर शक्तिमान ट्रक बनू लागला, आणि साठच्या दशकात जपानच्या निसानशी झालेल्या करारातून पॅट्रोल गाडीचं भारतीय रूप, म्हणजे जोंगा, आलं. १९६९ मध्ये वाहनांचा स्वतंत्र कारखाना सुरू झाला आणि पुढे १९९९ पर्यंत तिथून जोंगा बाहेर पडत राहिली. सहा सिलिंडरचं, ३,९५६ घन सेंटिमीटरचं पेट्रोल इंजिन, चारही चाकांना ताकद, पुढेमागे अखंड आस आणि चारही कोपऱ्यांना पाटे. तिच्या पाठीवर १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ बसवत असत. म्हणजे तोफगाडे घडवणाऱ्या गावाने शेवटी एक तोफगाडाच घडवला, फक्त त्याला इंजिन होतं.

तोफगाड्याच्या कारागिराला चाकाच्या उंचीचा पेच पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असतो. चाक लहान ठेवलं तर ते चिखलात बसतं आणि बैलांचा, घोड्यांचा जीव जातो. मोठं केलं तर तोफ वर जाते, उतारावर कलंडायला बघते, शत्रूलाही लांबून दिसते. जोंगाची उंची अशाच पेचातून ठरली होती. किती माणसं, किती दारूगोळा, कुठला चढ, कुठली वाळू, हे आधी आणि उंची नंतर. ती गाडी रुबाबदार दिसते याचं कारण मला हेच वाटतं, की रुबाब तिच्या मागणीपत्रात कधी नव्हताच.

आता माझा भाचा. नेपियर टाऊनमध्ये राहतो, मोठी एसयूव्ही घेतली आहे, आणि ती उंच करण्याबद्दल गेले कित्येक महिने त्याचा एकच प्रश्न आहे, "मामा, दोन इंच की चार?" कशासाठी, असं विचारलं की तो माझ्याकडे जरा दयेने बघतो.

या प्रश्नाचं माप आपल्याकडे फार जुनं आहे. धर्मराजाचा रथ जमिनीपासून चार अंगुळे वर चालत असे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. द्रोणाला अश्वत्थाम्याबद्दलचं ते अर्धं खोटं सांगितल्यावर रथ खाली आला. अंगुळ साधारण पाऊण इंचाचं धरलं तर चार अंगुळे म्हणजे तीन इंच. भाच्याच्या दोन आणि चारच्या बरोबर मधलं हे माप आहे, ही गंमत. पण त्याच महाभारतात चार अंगुळांचा दुसराही प्रसंग आहे आणि तो लोकांना सहसा आठवत नाही. कर्णपर्वात रथाचं डावं चाक जमिनीने गिळलं तेव्हा कर्ण खाली उतरला आणि दोन्ही हातांनी ते उचलू लागला. त्याच्या जोराने सात द्वीपांची पृथ्वी डोंगर-वनांसकट चार अंगुळे वर आली, असं व्यासांनी म्हटलं आहे. चाक मात्र सुटलं नाही, कारण पृथ्वी चाकासकट वर आली होती.

गाडी उंच करायला निघालेल्या प्रत्येक माणसाने हा दुसरा प्रसंग समजून घ्यावा. सगळं यंत्रशास्त्र त्यात आहे. वर काय गेलं याला फारसं महत्त्व नसतं, कशाच्या सापेक्ष वर गेलं हे पाहायचं असतं.

सस्पेन्शन लिफ्ट म्हणजे आस आणि गाडीचा सांगाडा यांच्यामधलं अंतर वाढवणं. स्प्रिंग उंच घाला, पाट्यांत एक पाटा वाढवा, नाहीतर स्प्रिंगच्या डोक्यावर धातूची चकती बसवा, सांगाडा वर जातो. आस जिथे होता तिथेच राहतो. मागे अखंड आस असलेल्या गाडीत सगळ्यात खाली लोंबणारी वस्तू म्हणजे आसाच्या मधला डिफरन्शियलचा गोल डबा. दगड लागतो तो त्यालाच. त्याची जमिनीपासूनची उंची एकाच गोष्टीवर ठरते, ती म्हणजे टायरची त्रिज्या. लिफ्ट दोन इंचांची करा की सहा इंचांची, डबा एक मिलिमीटरही हलत नाही. जोंगाला हे लागू होतं तसंच आजच्या फॉर्च्युनरच्या मागच्या आसालाही लागू होतं. पुढची गोष्ट वेगळी. तिथे हल्ली स्वतंत्र सस्पेन्शन असतं, डिफरन्शियल सांगाड्याला टांगलेलं असतं, त्यामुळे ते लिफ्टबरोबर वर जातं. मात्र त्यापासून चाकाकडे जाणारे दांडे तिरपे होतात आणि त्यांचे सांधे त्या तिरपेपणाची किंमत रोज थोडी थोडी मोजत राहतात.

म्हणून लिफ्ट निरुपयोगी, असं नाही. उंच कडेवर नाक न घासता चढणं, बांध ओलांडताना पोट न टेकणं, उतरताना मागचा बंपर न फुटणं, ही तिन्ही कामं ती करते. तिचं चौथं आणि खरं काम म्हणजे मोठ्या टायरला जागा करून देणं. आकडे मांडून पाहू. २६५/६० आर १८ हे फॉर्च्युनरचं ओळखीचं माप. २६५ मिलिमीटर रुंदी, तिच्या साठ टक्के बाजूची भिंत, १८ इंचांची रिम. बेरीज केली की टायरचा व्यास सुमारे ७७५ मिलिमीटर येतो. तेच टायर २६५/६५ केलं तर व्यास ८०२ च्या आसपास. सत्तावीस मिलिमीटर वाढले, पण आस वर गेला त्याच्या निम्मा, तेरा-साडेतेरा मिलिमीटर. करंगळीच्या रुंदीएवढा. डबा खरोखर दोन इंच वर न्यायचा असेल तर व्यास चार इंचांनी वाढवावा लागेल, आणि ते टायर पहिल्याच वळणावर चाकाच्या कमानीला घासेल. तिथून पुढे लिफ्ट, मग कमान कापणं, मग गिअरचं गुणोत्तर बदलणं, अशी साखळी सुरू होते. एका ओळखीच्या उस्तादाने माझ्या भाच्याला हे सगळं एका वाक्यात सांगितलं होतं. "भैया, पहले टायर तय करो, उठाना तो उसका हिसाब है." पोराला ते पटलं नाही, कारण वाक्य फुकट मिळालं होतं.

लिफ्टची स्वस्त पद्धत, म्हणजे चकती, याबद्दल जरा सांगायला हवं, कारण बऱ्याच गाड्या तीच लावून फिरतात. चकतीने स्प्रिंगची जात बदलत नाही. चाकाचा खालीवर होण्याचा एकूण प्रवासही वाढत नाही, उलट त्याची वाटणी बिघडते. गाडी उंच उभी राहते म्हणजे चाकाला खाली जायला उरलेली जागा कमी होते. खड्ड्याच्या कडेवरून चाक पुढे गेलं की ते खड्ड्यात उतरून जमीन शोधायच्या आधीच शॉकॲब्सॉर्बर शेवटाला जाऊन 'टक्‌' आवाज करतो. म्हणजे गाडी दिसते रानात जाण्याजोगी आणि रानात चालते आधीपेक्षा वाईट. चांगल्या किटमध्ये स्प्रिंग आणि लांब दांड्याचे शॉकॲब्सॉर्बर जोडीने येतात. तिथेही दुसरा सापळा आहे. ही स्प्रिंग पोलादी बंपर, विंच, छतावरचा तंबू, भरलेली डिकी अशा ओझ्यासाठी मापलेली असते. ते ओझं नसेल तर गाडी टणक होते, मागच्या बाकावरची आई गतिरोधक आला की देवाचं नाव घेते. आधी गाडीचा खरा भार काट्यावर तोलायचा आणि मग स्प्रिंग मागवायची, हा क्रम फौजेत होता. आपल्याकडे आधी स्प्रिंग येते, मग तिला शोभेल म्हणून बंपर.

जोंगाचे पाटे या बाबतीत शिकवण्यासारखे होते. पाट्यांचा जुडगा वाकतो तेव्हा पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणानेच थोडा हेलकावा मरतो. आसाला जागेवर धरून ठेवायचं कामही तेच करतात. एकाच वस्तूकडून तीन कामं, आणि तुटला तर कुठल्याही लोहाराकडे दुरुस्त होणार. गुंडाळी स्प्रिंगच्या गाडीत आस धरायला वेगळे दांडे लागतात. त्यातला एक आडवा दांडा आसाला डावीउजवीकडे सरकू देत नाही. सांगाडा वर उचलला की हा दांडा आसाला एका बाजूला ओढून घेतो, आणि गाडी सरळ रस्त्यावर किंचित तिरकी चालू लागते. पुढच्या चाकांचा कॅस्टर कोन बिघडला तर वळणानंतर स्टिअरिंग आपणहून मध्ये येत नाही. गाडी अशी 'वाहवत' चालायला लागली की लोक टायरला दोष देतात.

उंचीचा खरा हिशेब मात्र मदनमहालच्या टेकडीवर करावा. किल्ल्याच्या वाटेवर तो प्रसिद्ध तोललेला दगड आहे, एका प्रचंड ग्रॅनाइटवर दुसरा, टेकायची जागा अगदी थोडी. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूर भूकंपाने हादरलं, घरं पडली, माणसं गेली. दगड होता तिथेच राहिला. लोक चमत्कार म्हणतात. वस्तूचा गुरुत्वमध्य टेकलेल्या जागेच्या वर नेमका आहे तोवर ती उभी राहते, एवढाच तो चमत्कार. दगडाला एक सवलत आहे, त्याला ताशी ऐंशीने वळण घ्यावं लागत नाही. गाडी किती सहज उलटेल याचा ढोबळ निर्देशांक सोपा आहे: दोन चाकांमधलं आडवं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. अंतर १,५५० मिलिमीटर आणि गुरुत्वमध्य ७७५ वर धरा, उत्तर एक. आता सांगाडा पन्नास मिलिमीटर उचला. आस आणि चाकं खालीच राहतात म्हणून गुरुत्वमध्य थोडा कमी चढेल, पंचेचाळीस धरू. वर टायरचे तेरा. नवं उत्तर ०.९३. कागदावर सात टक्के गेले. हे सात टक्के सरळ रस्त्यावर कधीच कळत नाहीत. ते कळतात गाय आडवी आल्यावर, डावीकडची चाकं डांबर सोडून मऊ कडेला उतरल्यावर, कारण गाड्या बहुतेक वेळा उलटतात त्या चाक कशाला तरी अडखळून.

आता जमीन. भाच्याशी बोलताना मी इथे नेहमी अडकतो, कारण त्याला टायरच्या नक्षीबद्दल ऐकायचं असतं आणि मला मातीबद्दल सांगायचं असतं. जबलपूर आणि नरसिंहपूरच्या पट्ट्यात हवेली नावाची शेतीची जुनी पद्धत होती. शेताला चारी बाजूंनी बांध घालायचे, सगळा पावसाळा पाणी आत कोंडून ठेवायचं, आश्विनाच्या सुमारास ते सोडून द्यायचं आणि त्या ओलीवर गहू, हरभरा पेरायचा. पुन्हा पाणी द्यायची गरज नाही. सोयाबीन, धान आणि पंप आल्यापासून ही पद्धत बरीच मागे पडली. पण ज्या मातीच्या जोरावर ती चालत होती ती माती तिथेच आहे: काळी, चिकण, पाणी पिऊन फुगणारी आणि उन्हात हातभर भेगा पाडणारी. महिनोन्‌महिने पाणी धरून ठेवणारी जमीन एका टायरला सहज धरून ठेवते.

या मातीत ऑल-टेरेन, म्हणजे सगळ्या जमिनींसाठीचं, टायर पहिल्या पन्नास पावलांत गुळगुळीत होतं. नक्षीच्या खाचा मातीने भरतात आणि मग तुम्ही चार लाद्यांवर घसरत असता. मड-टेरेनच्या खाचा रुंद असतात, चाक जोरात फिरलं की माती फेकली जाते, म्हणून ते तगतं. पण तेच मड-टेरेन पावसात भिजलेल्या डांबरावर कमी रबर टेकवतं, ब्रेकला उशिरा थांबतं, आणि साठच्या वर त्याचा घुमणारा आवाज गाडीतला कुमार गंधर्वही ऐकू देत नाही. त्यातल्या बऱ्याच टायरवर वेगाचं अक्षर 'क्यू' असतं, म्हणजे ताशी १६० ची मर्यादा. कंपनीच्या टायरवर 'एच' असतं, २१० ची. तेवढ्या वेगाने कुणी जात नाही, जाऊ नये. पण ते अक्षर टायर उष्णता किती सोसतं हेही सांगतं, आणि जबलपूरचा मे महिना कुणाला समजावून सांगायला नको. शेजारचा भारांक जास्त महत्त्वाचा. ११० म्हणजे एका टायरवर १,०६० किलो. नव्या टायरवर याहून कमी आकडा असेल तर दुकानदाराला नमस्कार करून बाहेर पडावं.

मंडल्याच्या बाजूला गेलात की माती बदलते. मुरूम, काळा कातळ, धारदार कपच्या. तिथे नक्षीपेक्षा टायरची बाजूची भिंत आधी मरते. बरगी धरणाच्या पाण्याकडेच्या कच्च्या वाटांवर दोन्ही प्रकार एकाच दिवसात भेटतात. म्हणजे एका जिल्ह्यालासुद्धा एक टायर पुरत नाही.

पुरते ती हवा. साधारण २,२०० किलोची गाडी असेल तर एका चाकावर ५५० किलो. हवेचा दाब ३३ पीएसआय असताना टायरचा जमिनीला टेकलेला भाग, कागदी हिशेबाने, सुमारे २३७ चौरस सेंटिमीटर होतो. दाब १८ वर आणला की तो ४३५ होतो. भिंतीचा ताठपणा धरला तर प्रत्यक्षात फरक थोडा कमी पडेल, तरी टायर लांबट पसरतं, चिखलावर कमी रुततं, दगडावर मऊ बसतं. पैसा एक नाही लागला. सोबत हवा भरायचा छोटा पंप ठेवायचा आणि डांबर लागताच थांबून दाब पूर्ववत करायचा, नाहीतर मऊ टायर तापून फुटतं. गाडीत केलेल्या सगळ्या बदलांत हा एकच बदल असा आहे, की जो जागच्या जागी परत फिरवता येतो. कदाचित म्हणूनच तो कुणाला सांगावासा वाटत नाही. फोटोत दिसत नाही.

नाल्याचं पाणी हा आणखी एक गैरसमज. गाडी उंच केली की पाणी ओलांडता येतं, असं लोक धरून चालतात. जबलपूर-मंडला रस्त्यावर बरेल्याजवळ नर्रई नाल्याच्या परिसरात राणी दुर्गावतीची समाधी आहे. १५६४ च्या जूनमध्ये असफखानाच्या मुघल फौजेशी ती इथे लढली, सरमन नावाच्या हत्तीवर बसून. संध्याकाळी कोरडा असलेला मागचा नाला रातोरात भरला आणि मागे हटायची वाट बंद झाली, असं सांगितलं जातं. लढाईत हत्तीहून उंच वाहन तेव्हा नव्हतं. वाहतं पाणी उंचीची फिकीर करत नाही, ते बाजूने ढकलतं. आणि मोठ्या टायरमध्ये हवाही जास्त असते, म्हणजे गाडी तरंगायला मदतच. इंजिन हवा कुठून घेतं, आसातली हवा बाहेर जाण्याच्या नळ्या कुठवर आहेत, यावर पाण्यातली मर्यादा ठरते, लिफ्टवर नाही. जूनच्या पहिल्या पावसात नाल्यासमोर थांबावं. तासाभरात उतरला तर जावं, नाहीतर परत फिरावं.

आणि एवढं करून ही गाडी जाते कुठे? इथल्या मराठी घरांची गाडी जाते नागपूरला. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर ही आमचीच राजधानी होती. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या नोकऱ्यांपायी कितीतरी घरं तिकडून इकडे आली, आणि राज्यं वेगळी झाली तरी लग्नं, दवाखाने, श्राद्धं तिकडेच राहिली. लखनादौन, सिवनी, कुरईचा घाट, पेंचचं रान, मग नागपूर. हा रस्ता एके काळी इतका वाईट होता की उंच गाडीचं समर्थन करता आलं असतं. आता तो चौपदरी आहे, पेंचमध्ये तर जनावरांना जायला खालून वाट ठेवून गाड्या वरून नेल्या आहेत. सरकारने रस्ताच चार-पाच मीटर उचलला. आपण गाडी तीन इंच उचलून काय मिळवणार? वर्षातले बहुतेक किलोमीटर या डांबरावर जाणार असतील, तर टायर या डांबराचंच निवडायला हवं, उरलेल्या थोड्या दिवसांसाठी हवा कमी करता येते.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांचा रोख स्पष्ट आहे: कंपनीने ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत. अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस टेप घेऊन येतो तेव्हा हे वाक्य फार मोठं होतं.

कायद्यात न लिहिलेलंही काही आहे. गाडी उंच झाली की दिव्यांचा झोत समोरच्या स्कूटरवाल्याच्या डोळ्यांत जातो. बॉनेटपुढचा न दिसणारा टापू वाढतो आणि त्यात नेमकं लहान मूल मावतं. धडक बसलीच तर उंच नाक पायांऐवजी छातीला लागतं. जोंगा छावणीत, सरहद्दीवर, वाळवंटात फिरायची. तिच्यापुढे जबलपूरच्या गोरखपूर बाजारातली संध्याकाळची गर्दी नव्हती. धर्मराजाचा रथ चार अंगुळे वर होता तेव्हा त्याने कुणाच्या डोळ्यांत उजेड मारल्याचं व्यासांनी लिहिलेलं नाही. ती उंची त्याने मागून घेतली नव्हती, आणि बहुधा त्याला ती जाणवतही नसावी. आम्हाला मात्र सिग्नलला शेजारच्या गाडीकडे खाली बघायचं असतं. लिफ्टच्या बाजारातला मोठा हिस्सा या एका नजरेवर चालतो, असं माझं मत आहे, आणि भाच्याने ते अजून खोडून काढलेलं नाही.

हौस वाईट, असं मी म्हणणार नाही. कुंडमच्या रानात खरोखर जाणारे, बरगीच्या काठावर मुक्काम टाकणारे, जुनी जोंगा पाट्यापाट्याने पुन्हा जुळवणारे लोक मला ठाऊक आहेत, आणि त्यांच्या गाड्या बघितल्या की एक गोष्ट लक्षात येते. त्या फार उंच नसतात. टायर एकच माप मोठं, पोटाखाली पोलादी पत्रा, ओढायला पक्का हूक, डिकीत पंप आणि फावडं. फावडं झिजलेलं असतं.

तेव्हा मोठी एसयूव्ही घेऊन हा विचार करणाऱ्याला माझं सांगणं असं. वर्षभराचे आपले रस्ते मनात ठेवून टायर निवडा. जबलपुरात बहुतेकांना भारांक न घटवता घेतलेलं मूळ मापाचं ऑल-टेरेन पुरतं. टायरच्या भिंतीवरचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. दुकानात दोन-तीन वर्षं पडून राहिलेलं टायर नवं नसतं. लिफ्ट करायचीच तर आधी परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीत लेखी विचारा, गाडी नेहमीच्या ओझ्यासकट तोलून घ्या, आणि चाळीस-पन्नास मिलिमीटरच्या पुढे जाऊ नका. चकती नको, स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर जोडीने घ्या. अलाइनमेंटचा कागद हातात घेतल्याशिवाय आणि दिवे खाली करून घेतल्याशिवाय गॅरेज सोडू नका. आणि सस्पेन्शनच्या रबरी बुशचे नट गाडी जॅकवर लटकत असताना आवळू देऊ नका. चारही चाकं जमिनीवर टेकवून, गाडी तिच्या नव्या उंचीला उभी असतानाच ते आवळायचे, नाहीतर रबर पहिल्या दिवसापासून पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं.